नार्कोटिक: बधिर करणारा मासा आणि बधिर न करणारं मॉर्फिन

बातमीत 'नार्कोटिक्स' शब्द आला की डोळ्यासमोर काय येतं? धाड, पुड्या, जप्त केलेला माल, तोंडावर फडकं घेतलेले आरोपी. तोच शब्द हॉस्पिटलमधली सिस्टर वापरते तेव्हा तिला म्हणायचं असतं कुलूपबंद कपाटातलं मॉर्फिन आणि फेंटानिल, म्हणजे जबर दुखण्यावरची औषधं, ज्यांची एकेक अँप्यूल (काचेची छोटी कुपी) रजिस्टरमधे लिहावी लागते, फोडली किती, दिलं किती, उरलेलं फेकलं किती आणि फेकताना साक्षीला कोण होतं. आणि फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र शिकवणाऱ्या सरांना विचाराल तर ते म्हणतील, हा शब्द वापरूच नका हो, त्याला आता धड अर्थ राहिलेला नाही, सरळ ओपिऑइड म्हणा.

तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. भानगड अशी आहे की या शब्दाचा मूळ अर्थ तिघांपैकी एकालाही नीट लागू होत नाही. आणि का होत नाही हे खणायला घेतलं की दुखणं थांबणं, बधिर होणं, गुंगी येणं आणि व्यसन लागणं हे चार वेगवेगळे प्रकार आहेत हे लक्षात येतं, जे आपण एरवी एकाच गाठोड्यात बांधून टाकतो.

तर सुरुवात माशापासून. ग्रीक भाषेत 'नार्की' म्हणजे बधिरपणा, हातपाय जड होऊन मुंग्या येऊन त्यातली जाणीव जाणं. याच नावाने ग्रीक लोक एका माशालाही ओळखायचे, आज ज्याला इलेक्ट्रिक रे म्हणतात तो. चपटा, गोलसर, समुद्राच्या तळाशी वाळूत अंग लपवून पडून राहणारा, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वीज तयार करणारे अवयव. मोठ्या जातीचा मासा २०० व्होल्टच्या आसपास झटका देऊ शकतो. वीज म्हणजे काय हे त्या काळी कुणाला ठाऊकच नव्हतं, पण ओल्या जाळ्यातून, भाल्याच्या दांड्यातून तो झटका कोळ्याच्या हाताला बसायचा आणि हात काही वेळ कामातून जायचा, एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं. प्लेटोच्या एका संवादात मेनो नावाचा तरुण सॉक्रेटिसवर वैतागून म्हणतो की तू अगदी त्या माशासारखा आहेस, तुझ्याशी बोलायला लागलं की माझं डोकं आणि तोंड दोन्ही बधिर होतं. प्रश्न विचारून विचारून समोरच्याला गप्प करणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली शिवी शोधून सापडणार नाही!

याच माशाला लॅटिनमधे टॉर्पेडो म्हणायचे, त्याच्या मुळाशी पण सुन्न होणं, आखडणं हाच अर्थ. पुढे पाण्याखालच्या स्फोटकांना तेच नाव दिलं गेलं आणि आता टॉर्पेडो म्हटलं की कुणाला मासा आठवत नाही. आजच्या ग्रीकमधेही नार्की म्हणजे सुरुंग, जमिनीत पुरतात तो किंवा समुद्रात सोडतात तो. दोन भाषांमधे एकाच माशाचं नाव शस्त्राला चिकटलं, कारण दोघंही न दिसता पडून राहतात आणि हात लागला की दणका देतात.

पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचा माणूस म्हणजे स्क्रिबोनियस लार्गस, पहिल्या शतकातला रोमन वैद्य. त्याने संधिवातासारख्या पायाच्या दुखण्यावर, म्हणजे गाउटवर, उपाय लिहून ठेवलाय: दुखायला लागलं की जिवंत टॉर्पेडो मासा पायाखाली घ्यायचा आणि लाटा येतात अशा ओल्या किनाऱ्यावर उभं राहायचं, गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईस्तोवर. डोकेदुखीसाठी तोच मासा दुखणाऱ्या जागी ठेवायचा. वाचताना हसू येतं खरं, पण आज फिजिओथेरपीमधे त्वचेला पॅड चिकटवून सौम्य करंट देतात ना, त्यामागची कल्पना फार लांबची नाही. म्हणजे 'नार्की'चा दुखण्याशी आलेला संबंध असा होता: भाग बधिर करा, दुखणं कळणारच नाही.

हाच शब्द मग वैद्यांनी वनस्पतींना लावला. 'नार्कोटिकोस' म्हणजे बधिर करणारं, सुन्न करणारं. दुसऱ्या शतकातल्या गॅलनसारख्या वैद्यांच्या काळात यात अफू यायची, मँड्रेकची मुळी यायची, हेनबेन नावाची वनस्पती यायची. आता यातली मँड्रेक आणि हेनबेन ही धोतऱ्याच्या नात्यातली मंडळी, त्यांच्यातली द्रव्यं अफूपेक्षा पूर्णपणे वेगळी, शरीरात काम करायची पद्धत वेगळी, ती माणसाला भ्रमिष्ट करतात, घसा कोरडा पाडतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करतात, आणि अफू नेमक्या उलट बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या करते. पण खाल्ल्यावर माणूस आडवा होतो ना, झालं तर मग, एकाच टोपलीत. थोडक्यात हा शब्द पहिल्या दिवसापासून ढिला आहे, आजच्या सरकारांनी तो बिघडवला असं म्हणणं तसं अर्धंच खरं.

ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून फ्रेंच, आणि चौदाव्या शतकात तो इंग्रजीत पोचला. चॉसर या इंग्रज कवीच्या एका कथाकाव्यात एक कैदी पळून जातो तो कसा, तर तुरुंगाच्या रखवालदाराला वाईनमधे 'नार्कोटिक' आणि 'थीब्जची उंची अफू' घालून पाजतात म्हणून. रखवालदार असा झोपतो की हलवला तरी उठत नाही. म्हणजे तोपर्यंत अर्थ हातापायाच्या बधिरपणावरून झोपेवर सरकला होता. थीब्ज म्हणजे इजिप्तमधलं प्राचीन शहर, तिथली अफू नावाजलेली. अफूमधल्या एका द्रव्याचं थीबेन हे नाव याच शहरावरून पडलंय, आणि गंमत अशी की थीबेन स्वतः दुखणंही थांबवत नाही आणि झोपही आणत नाही, उलट जास्त झालं तर झटके आणतं, पण त्यापासून ऑक्सिकोडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि अफूचा उतारा असलेलं नॅलोक्सोन ही सगळी औषधं बनवता येतात.

जाता जाता नार्सिसस फुलाचं सांगतो. प्लिनी हा रोमन लेखक म्हणतो की या फुलाचं नाव पाण्यात स्वतःचं रूप बघत बसणाऱ्या त्या मुलावरून नाही, तर 'नार्की'वरूनच पडलं, कारण त्याच्या उग्र वासाने डोकं जड होतं. आजच्या भाषातज्ज्ञांना हे पटत नाही, त्यांच्या मते फुलाचं नाव ग्रीकच्याही आधीच्या कुठल्यातरी भाषेतून आलेलं असावं. नार्कोलेप्सी मात्र खरीखुरी नातेवाईक. दिवसाढवळ्या अचानक झोपेचा झटका येण्याच्या आजाराला हे नाव १८८० मधे जेलिनो या फ्रेंच डॉक्टरने दिलं.

आता दुसरं घराणं, अफूचं. ग्रीकमधे 'ओपोस' म्हणजे झाडाचा चीक, रस. त्यावरून 'ओपिऑन', म्हणजे खसखशीच्या बोंडाचा चीक. इतकं साधं नाव आहे ते. पाकळ्या गळून गेल्या की मागे हिरवं बोंड राहतं, त्यावर दिवस कलताना बारीक धारदार पात्यांनी उभ्या चिरा पाडतात, पण खोल जाऊ द्यायच्या नाहीत, कारण पातं आत गेलं तर चीक बोंडाच्या पोटातच झिरपतो. चिरेतून पांढरा दुधासारखा चीक बाहेर येतो, रात्रभरात हवा लागून घट्ट आणि तपकिरी होतो, आणि सकाळी तो खरवडून काढतात. तीच कच्ची अफू. 'ओपिऑन'चं अरबीत झालं 'अफ्यून', तिथून फारसीमार्गे आपल्याकडे अफीम आणि अफू. संस्कृतमधे याला अहिफेन म्हणतात, अहि म्हणजे साप आणि फेन म्हणजे फेस, सापाच्या तोंडचा फेस. नाव झकास आहे, पण सापाचा काही संबंध नाही, बाहेरून आलेल्या अफ्यूनला कुणीतरी संस्कृत कपडे घातलेत एवढंच. चिनी भाषेतला शब्दही असाच बाहेरून गेलेला आहे. म्हणजे तुम्ही अफू म्हणा, अफीम म्हणा, अहिफेन म्हणा की ओपियम, बोलताय एकच ग्रीक शब्द.

ओपियमच्या आतलं नेमकं काय काम करतं हे शोधलं फ्रिडरिश सर्ट्युर्नर या जर्मन तरुणाने. हा काही मोठा शास्त्रज्ञ नव्हता, पाडरबॉर्न गावात औषधाच्या दुकानात मदतनीस होता, वय विशीच्या आसपास. १८०४-०५ च्या सुमाराला त्याने अफूतून पांढरे स्फटिक वेगळे केले. वनस्पतीतून असं शुद्ध कार्यकारी द्रव्य पहिल्यांदाच निघत होतं, त्यामुळे सुरुवातीला कुणी फारशी दखलच घेतली नाही. मग १८१७ मधे त्याने सविस्तर लेख छापला, त्यात स्वतःवर आणि तीन तरुण पोरांवर केलेला प्रयोग आहे: सुमारे ३० मिलीग्रॅम प्रत्येकी, थोड्या वेळाने परत तेवढंच, थोड्या वेळाने परत. पाऊण तासात तीन डोस! आधी चेहरे लाल झाले, मग मळमळ, चक्कर, पोटात दुखणं, मग ग्लानी, आणि शेवटी घाबरून सगळ्यांनी कडक व्हिनेगर पिऊन उलट्या काढल्या. आजच्या हिशोबाने तो डोस भयानकच होता, चौघंही वाचले हे नशीब. त्याने या द्रव्याला नाव दिलं मॉर्फियम, स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फियस याच्यावरून, आणि पुढे गे-लुसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याचं मॉर्फिन केलं.

मग नावांची रांगच लागली. १८३२ मधे कोडीन, ग्रीकमधे खसखशीच्या बोंडाला जो शब्द आहे त्यावरून. १८९८ मधे बायर कंपनीने मॉर्फिनमधे थोडा रासायनिक बदल केलेलं औषध खोकल्यावर म्हणून बाजारात आणलं, ब्रँडचं नाव हेरॉइन, 'हिरोइक' म्हणजे वीरासारखं जोरकस या अर्थाने. हो, सिनेमातली हिरोईन आणि हे हेरॉइन दोघींचं मूळ एकच. मॉर्फिनपेक्षा याची सवय कमी लागते असा तेव्हा समज होता, तो किती खरा ठरला हे सांगायला नकोच.

यानंतर मामला किचकट होतो, कारण प्रयोगशाळेत अशी औषधं बनायला लागली जी अफूपासून काढलेलीच नव्हती, पण काम तेच करायची. मेथाडोन १९३० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत बनलं, फेंटानिल बेल्जियममधे पॉल जान्सेनने १९६० च्या आसपास बनवलं. यांना ओपिएट म्हणजे 'अफूपासूनचं' कसं म्हणणार? म्हणून १९५० च्या दशकात ओपिऑइड हा शब्द आला, म्हणजे 'अफूसारखं'. आज सर्वसाधारण पद्धत अशी की मॉर्फिन, कोडीन हे ओपिएट, कारण ते बोंडातूनच येतात, आणि ओपिऑइड हा मोठा शब्द, त्यात हे पण आले आणि फेंटानिल, मेथाडोन, ट्रॅमाडोल पण आले. बातम्यांत दोन्ही शब्द कसेही वापरतात, पण फेंटानिलला ओपिएट लिहिलेलं दिसलं तर लिहिणाऱ्याने डोळे मिटून लिहिलंय असं खुशाल समजा. फेंटानिलचा जोर लक्षात यायला एक आकडा पुरे: शिरेतून दिलेलं १० मिलीग्रॅम मॉर्फिन जेवढं दुखणं कमी करतं, तेवढ्यासाठी फेंटानिल लागतं साधारण १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभरावा भाग. चोरट्या मालात ते असमान मिसळलं गेलं की माणसं का मरतात ते यावरून समजेल.

'अफूसारखं' म्हणजे नेमकं कशासारखं, हे १९७३ मधे कळलं. अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, आणि त्याच वर्षी आणखी दोन गटांनी, मेंदूतल्या पेशींवर ही द्रव्यं जिथे जाऊन बसतात त्या जागा दाखवून दिल्या. त्या जागांना रिसेप्टर म्हणतात. पण मग प्रश्न असा की कुठल्यातरी फुलझाडाच्या चिकासाठी आपल्या मेंदूत जागा राखून ठेवलेली असेलच कशी? उघड आहे, ती जागा शरीराच्या स्वतःच्या कुठल्यातरी पदार्थासाठी असणार. १९७५ मधे स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना डुकरांच्या मेंदूतून तो मिळाला, नाव दिलं एन्केफॅलिन, म्हणजे डोक्यातलं. त्याच घराण्यातलं एन्डॉर्फिन हे नाव तर सरळ 'अंतर्गत मॉर्फिन' याचा जोडशब्द आहे. आता उलटा प्रकार बघा, शरीराचं स्वतःचं रसायन कोट्यवधी वर्षं जुनं, आणि त्याला नाव मिळालं झाडातून काढलेल्या औषधावरून, ज्याचं दीडशे वर्षं आधी एका पोराने स्वप्नांच्या देवावरून बारसं केलेलं.

तर मॉर्फिन त्या रिसेप्टरच्या खुर्चीवर जाऊन बसतं आणि काम सुरू करतं. पाठीच्या कण्यात दुखण्याचा निरोप वर चढताना तो दाबतं, मेंदूच्या खालच्या भागातून उलट दुखणं दाबणारे निरोप सोडायला लावतं, आणि त्याहून मोठी गोष्ट, दुखण्यातला 'त्रास' काढून घेतं. मॉर्फिन घेतलेले पेशंट बरेचदा सांगतात की डॉक्टर, दुखतंय ते कळतंय, पण आता त्याचं काही वाटत नाही. पायाला हात लावला तर हात लागलेला कळतो. चिमटा काढला तर चिमटा कळतो. बोटं हलतात. म्हणजे बधिर झालेलं काहीच नाही! माशावर पाय ठेवून उभ्या राहिलेल्या त्या रोमन माणसाला जे होत होतं ते मॉर्फिन करतच नाही. दुखण्याची जागा आणि प्रकार कळणं ही एक गोष्ट आणि ते असह्य वाटणं ही दुसरी, मेंदूत त्यांची खाती बऱ्यापैकी वेगळी आहेत, आणि मॉर्फिनचा हात दुसऱ्या खात्यावर जास्त चालतो.

मग खरोखरचं बधिर कोण करतं? कोकेन. १८६० मधे आल्बर्ट नीमानने कोकाच्या पानांतून ते शुद्ध स्वरूपात काढलं आणि तेव्हाच नोंद केली की जिभेवर ठेवलं तर जीभ बधिर होते. १८८४ मधे कार्ल कोलर या डोळ्याच्या डॉक्टरने दाखवलं की कोकेनचे थेंब टाकले तर माणूस जागा असताना डोळ्याचं ऑपरेशन करता येतं. नसेतून जो विजेचा निरोप जातो त्याला सोडियमची दारं लागतात, कोकेन ती दारंच बंद करतं, म्हणून दुखणं, स्पर्श, गार-गरम काहीच पुढे जात नाही. दाताचा डॉक्टर हिरडीत जे इंजेक्शन देतो त्या लिग्नोकेनच्या नावातलं 'केन' हे कोकेनचंच शेपूट आहे, जरी त्याची सवय लागत नसली तरी. पण कोकेन मेंदूत पोचलं की काय करतं? झोप उडवतं, नाडी वाढवतं, माणसाला तासनतास बडबडत ठेवतं. गुंगीच्या बरोब्बर उलट.

म्हणजे हिशोब असा झाला: मॉर्फिन गुंगी आणतं पण बधिर करत नाही, कोकेन बधिर करतं पण गुंगी आणत नाही. आणि कायद्याने दोघांना एकाच नावाखाली बसवलं, नार्कोटिक.

हे झालं कसं? १९१२ च्या हेगच्या करारात अफू, मॉर्फिन आणि कोकेन एकत्र आले, कारण सरकारांच्या डोक्यात तेव्हा व्यापाराचा प्रश्न होता, कुठला माल सीमेवरून जाऊ द्यायचा आणि कुठला नाही. १९१४ मधे अमेरिकेत हॅरिसन कायदा आला, त्यातही अफू आणि कोका दोन्ही. बोलताना त्याला नार्कोटिक कायदा म्हणायला लागले आणि शब्दाचा अर्थ 'गुंगी आणणारं' वरून 'या कायद्यात असलेलं' असा हळूच बदलला. १९६१ मधे संयुक्त राष्ट्रांचा जो मोठा करार झाला, ज्यावर आज जगभरचे कायदे उभे आहेत, त्याच्या नावातच नार्कोटिक ड्रग्ज आहे, आणि त्यात अफू, कोका, गांजा तिन्ही. त्या करारात ड्रगची व्याख्या शोधायला गेलात तर ती अशी सापडते की सोबतच्या पहिल्या आणि दुसऱ्या यादीत जे पदार्थ आहेत ते. बस्स. शरीरावर परिणाम काय होतो याबद्दल व्याख्येत चकार शब्द नाही. यादीत आहे म्हणून नार्कोटिक, आणि नार्कोटिक म्हणून यादीत. १९७१ मधे वेगळा करार झाला सायकोट्रॉपिक म्हणजे मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा, त्यात बार्बिट्युरेट नावाच्या झोपेच्या गोळ्या गेल्या. म्हणजे खरोखर झोपवणारी औषधं नार्कोटिकच्या बाहेर आणि झोप उडवणारं कोकेन आत. कायदा करणाऱ्यांना मूर्ख म्हणायचा मोह होतो, पण त्यांना शब्दकोश नव्हता लिहायचा, यादी करायची होती, आणि यादीला वर काहीतरी मथळा लागतो.

मराठीत आपण 'अंमली पदार्थ' म्हणतो, आणि मला विचाराल तर या सगळ्या गोंधळात हा शब्द जास्त प्रामाणिक आहे. अरबी 'अमल' म्हणजे काम, कृती, त्यावरून सत्ता. पेशव्यांचा अंमल, अंमलदार, अंमलबजावणी, आणि भांगेचा अंमल, सगळा एकच शब्द. यात बधिरपणा नाही, झोपही नाही, कुणाचा तरी ताबा बसलाय एवढंच आहे, मग तो अफूचा असो की कोकेनचा. इंग्रजीतल्या 'अ‍ॅडिक्ट'चं मूळही इथेच कुठेतरी येऊन टेकतं. रोमन कायद्यात 'अ‍ॅडिक्टस' म्हणजे असा कर्जदार, ज्याला कर्ज फेडता आलं नाही म्हणून न्यायाधीशाने सावकाराच्या ताब्यात देऊन टाकलाय.

ताबा बसतो तो कसा, हे थोडं सावकाश बघायला हवं, कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. मॉर्फिन रोज मिळायला लागलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो, खुर्चीवर कुणी बसलं तरी तितकंसं ऐकेनासा होतो, म्हणून त्याच परिणामाला जास्त डोस लागतो. याला टॉलरन्स म्हणतात. मॉर्फिन ज्या यंत्रणांना दाबत होतं, त्या दाबाला तोंड द्यायला त्या जास्त जोरात चालायला लागलेल्या असतात, आणि औषध एकदम बंद केलं की तो जोर मोकळा सुटतो: घाम, अंगावर काटा, जुलाब, नाकाडोळ्यातून पाणी, झोप नाही, अंग मोडून येणं. मॉर्फिन जे जे करतं त्याच्या एकेकाचं उलटं. याला शारीरिक अवलंबित्व म्हणतात. कॅन्सरच्या दुखण्यासाठी काही आठवडे रोज मॉर्फिन घेणाऱ्या जवळपास कुणालाही हे होऊ शकतं, त्यात चारित्र्याचा, इच्छाशक्तीचा काही संबंध नाही, आणि बंद करायचं तर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. व्यसन हा तिसराच प्रकार. मेंदूत जो भाग 'हे परत कर' असं शिकवतो तिथे डोपामाइन नावाचं रसायन सुटतं, आणि तो धडा इतका पक्का बसतो की दुखणं नसताना, नोकरी जात असताना, घर मोडत असताना, नको नको म्हणत असतानाही माणूस तेच शोधत राहतो. अवलंबित्व आणि व्यसन बरेचदा एकत्र दिसतात, पण एक असलं म्हणजे दुसरं आहेच असं नाही.

जीव मात्र वेगळ्याच कारणाने जातो. मेंदूच्या बुडाशी श्वासाची लय धरणाऱ्या पेशी आहेत, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्या श्वास ओढायला लावतात. त्यांच्यावरही हेच रिसेप्टर आहेत. डोस जास्त झाला की त्या ढिम्म होतात, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि शरीराला घुसमट जाणवतच नाही. ओठ निळे, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास मिनिटाला चार-पाच. अशा वेळी नॅलोक्सोन देतात, ते येऊन त्याच खुर्चीवर बसतं, मॉर्फिनला ढकलून देतं आणि स्वतः काडीचं काम करत नाही, नुसती खुर्ची अडवून ठेवतं. माणूस काही मिनिटांत उठून बसू शकतो. फक्त नॅलोक्सोनचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि आतलं ओपिऑइड त्याहून जास्त टिकणारं असेल तर श्वास परत मंदावतो, म्हणून उठला, बोलला, चला घरी, असं करून चालत नाही, त्याला दवाखान्यात नजरेखाली ठेवावंच लागतं.

आतड्यातही हे रिसेप्टर भरपूर आहेत, म्हणून मॉर्फिनवाल्या पेशंटला बद्धकोष्ठ ठरलेलं, आणि बाकी परिणामांची सवय झाली तरी याची फारशी होत नाही, त्यामुळे मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं हा डॉक्टरांचा नियमच आहे. याच गुणाचा उपयोग करून जुलाबावरचं लोपेरामाइड बनलंय. हो, ते सुद्धा ओपिऑइडच. ठरलेल्या डोसात ते मेंदूत शिरू लागलं तर मेंदूच्या दारावरची यंत्रणा त्याला परत बाहेर काढते, म्हणून ना दुखणं थांबत ना गुंगी येत. ओपिऑइड आहे, पण नार्कोटिक म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

शब्दांच्या या पसाऱ्याची सगळ्यात जास्त झळ ज्याला लागते तो म्हणजे शेवटच्या अवस्थेतला पेशंट आणि त्याचं घर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मॉर्फिन १९७७ च्या पहिल्या यादीपासून आहे, १९८६ मधे याच संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली त्यात वरच्या पायरीवर मॉर्फिनच. तरी कागदावर 'नार्कोटिक' वाचलं की घरचे दचकतात, आता यांना व्यसन लागणार म्हणतात, आणि गोळी सहाच्या ऐवजी नऊ वाजता देतात, दुखणं मधे डोकं वर काढतं, पेशंट नऊच्या आधीच गोळी मागायला लागतो, आणि मग घरचे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? मागायला लागले! तो औषध मागत नसतो, दुखणं थांबवा म्हणत असतो. २०१३ मधे अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने व्यसनाच्या निदानाचे निकष नव्याने लिहिले, त्यात अकरा लक्षणांपैकी दोन म्हणजे टॉलरन्स आणि बंद केल्यावर होणारा त्रास, आणि त्या दोघांपुढे स्पष्ट लिहिलंय की डॉक्टरच्या देखरेखीखाली ओपिऑइड घेणाऱ्या पेशंटमधे ही दोन लक्षणं मोजायची नाहीत.